भाडेकरूंसह घरविक्री : मुंबईतील मालकी आणि ताबा यांच्या फारकतीचा इतिहास

घर विकणे म्हणजे सामान्यतः दोन गोष्टी एकाच वेळी दुसऱ्याच्या स्वाधीन करणे होय. एक मालकीहक्क, दुसरा ताबा. खरेदीखतावर सह्या होतात, किल्ल्या हातात पडतात आणि व्यवहार पुरा होतो. परंतु घरात भाडेकरू राहत असतील तर विक्रेत्याजवळ देण्यासारखी किल्लीच नसते. तो जे देतो ते केवळ भाडे वसूल करण्याचा अधिकार आणि कधीकाळी ताबा मिळेल ही आशा. मुंबई शहरात विसाव्या शतकात असे असंख्य व्यवहार झाले. चाळींचे व इमारतींचे मालक बदलत गेले, पण खोल्यांतून राहणारी माणसे बदलली नाहीत. अनेक चाळींना आजही पहिल्या मालकाचेच नाव आहे. त्यानंतरच्या मालकांची नावे भाडेपावतीवर तेवढी उमटली.

या व्यवहारांकडे आजवर मुख्यतः कायद्याच्या किंवा नगररचनेच्या अंगाने पाहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात त्याकडे मालकी या संकल्पनेचा इतिहास म्हणून पाहण्याचा प्रयत्न आहे. लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे, की शेतजमिनीच्या बाबतीत 'मालक कोण' या प्रश्नाचे उत्तर राज्यसंस्थेने १९५७ साली दिले. शहरातील घराच्या बाबतीत तोच प्रश्न तिने लांबणीवर टाकला, आणि भाडेकरूंसह घराची विक्री म्हणजे वस्तुतः या लांबलेल्या प्रश्नाचीच विक्री ठरली.

मूळ कायदा

भाडेकरू असलेले घर विकता येते काय, याविषयी कायद्यात कधीही संदिग्धता नव्हती. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम मुंबई इलाख्यास १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. त्याच्या कलम १०९ अन्वये घर विकत घेणारा मूळ मालकाच्या जागी येतो. मालकाचे हक्क त्याला मिळतात आणि भाडेकरूची इच्छा असल्यास मालकाची दायित्वेही त्याच्यावर येतात. विक्रीसाठी भाडेकरूची संमती लागत नाही. तसेच विक्रीमुळे भाडेपट्टा संपतही नाही. या कलमातील दोन बारकावे व्यवहारात फार महत्त्वाचे ठरले. विक्रीपूर्वीच्या थकलेल्या भाड्यावर, तसा वेगळा करार नसेल तर, नव्या मालकाचा हक्क नसतो. आणि विक्रीची कल्पना नसताना भाडेकरूने जुन्या मालकाला भाडे दिले असेल तर तेच भाडे पुन्हा नव्या मालकाला देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. म्हणूनच खरेदीनंतरचे पहिले काम म्हणजे प्रत्येक भाडेकरूस पत्र पाठवून 'यापुढील भाडे अमुक यांस द्यावे' असे कळविणे. जुन्या मालकाची त्यावर सही असली म्हणजे वाद टळतो.

तथापि हा कायदा ज्या जगासाठी रचला गेला होता ते जग वेगळे होते. तेथे मासिक भाडेकरूस पंधरा दिवसांची नोटीस देऊन घर मोकळे करून घेता येत असे. अशा जगात भाडेकरूंसह घर आणि मोकळे घर यांच्या किमतीत फारसा फरक पडण्याचे कारण नव्हते. उलट, भाडेकरूंनी भरलेली चाळ ही गुंतवणूकदाराच्या दृष्टीने रिकाम्या चाळीपेक्षा अधिक चांगली. इमारतीची किंमत ठरविताना 'किती वर्षांच्या भाड्याइतकी' असा हिशेब केला जाई. महानगरपालिकेचे करयोग्य मूल्यही १८८८ च्या अधिनियमानुसार घराला वाजवीपणे मिळू शकेल अशा वार्षिक भाड्यावरच आधारलेले होते. भाडे हे मूल्याचे माप होते. भाडेकरू हा त्या मापाचा वाहक होता. तो ओझे नव्हता, ही गोष्ट पुढील इतिहास समजून घेताना लक्षात ठेवावी लागते.

गोठलेले भाडे

या समीकरणाला पहिला धक्का पहिल्या महायुद्धाने दिला. १९१८ साली मुंबई सरकारने युद्धकालीन निर्बंध म्हणून भाडे कायदा केला आणि १ जानेवारी १९१६ रोजीचे भाडे हे प्रमाणित भाडे मानले. हा निर्बंध तात्पुरता होता आणि १९२० च्या दशकात तो संपुष्टातही आला. दुसऱ्या महायुद्धाबरोबर पुन्हा तेच घडले. १९३९ आणि १९४४ चे कायदे आले व त्यानंतर १९४७ चा मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम आला. तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. यावेळी मात्र निर्बंध उठला नाही.

१९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाणित भाडे ठरविले. त्याच्या कलम १२ मधील कल्पना अशी, की भाडेकरू प्रमाणित भाडे आणि कायद्याने मान्य केलेल्या वाढी देण्यास तयार व राजी आहे तोवर त्याला घराबाहेर काढता येणार नाही. मालकाला घर परत हवे असेल तर कलम १३ मधील एखादे कारण न्यायालयात सिद्ध करणे आवश्यक होते. त्यांपैकी सर्वांत जास्त वापरले गेलेले कारण म्हणजे स्वतःच्या राहण्यासाठी खरीखुरी गरज. परंतु गरज सिद्ध झाली तरी काम संपत नसे. घर दिल्यास भाडेकरूस होणारा त्रास आणि न दिल्यास मालकास होणारा त्रास यांची तुलना न्यायालय करीत असे. खरेदीदाराची पंचाईत येथेच होती. भाडेकरू आहेत हे डोळ्यांनी पाहून ज्याने इमारत घेतली, त्याने लगेच 'मला राहायला जागा नाही' असे म्हणत न्यायालयात यावे, याकडे संशयाने पाहिले जाणे स्वाभाविक होते. दिल्लीच्या १९५८ च्या भाडे नियंत्रण कायद्यात तर खरेदीदाराला या कारणासाठी अर्ज करण्यापूर्वी पाच वर्षे थांबण्याची स्पष्ट अटच घालण्यात आली होती. मुंबईत अटीचे काम धोबीतलाव येथील लघुवाद न्यायालयातील दाव्यांची लांबी करीत असे.

या कायद्यामागील कारण खरे होते, हे येथे नमूद केलेच पाहिजे. मुंबई शहराची लोकसंख्या १९४१ मध्ये सुमारे १५ लाख होती, ती १९५१ मध्ये २३ लाखांवर गेली. युद्ध, फाळणी आणि गिरण्यांचा विस्तार या तिन्हींचा भार एकाच बेटावर पडला. अशा वेळी भाडे मोकळे सोडले असते तर गिरणगावातील कामगार कुटुंबे रस्त्यावर आली असती. कायदा सदोष होता तो त्याच्या उद्देशामुळे नव्हे, तर त्याच्या कालमर्यादेमुळे. तो मुदतबंद कायदा म्हणून जन्मला. मुदत संपत आली की ती वाढविली जाई. असे करता करता तो अर्धशतकाहून अधिक काळ टिकला. १९४० चे भाडे आणि १९९० मधील गवंड्याची मजुरी यांचा मेळ कोणत्याही हिशेबात बसणे शक्य नव्हते. इमारतीची दुरुस्ती करण्याचे कर्तव्य कायद्याने मालकावर ठेवले होते, परंतु त्यासाठी लागणारा पैसा त्याच कायद्याने त्याच्यापासून दूर ठेवला होता.

परिणामी मूल्याचे जुने माप मोडले. भाड्यावर किंमत काढली तर दक्षिण मुंबईतील चार मजली इमारत एखाद्या उपनगरातील लहान सदनिकेपेक्षाही स्वस्त ठरू लागली. भाड्याने देण्यासाठी घरे बांधणे जवळजवळ थांबले. बांधकाम व्यवसाय मालकी तत्त्वावरील सदनिकांकडे वळला, आणि त्या व्यवहारांचे नियमन करण्यासाठी १९६३ साली महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा करावा लागला. नवे बांधकाम विक्रीसाठी आणि जुने बांधकाम भाडेकरूंच्या ताब्यात, अशी शहराची दोन भागांत विभागणी झाली.

पागडी : भाडेकरूने केलेली विक्री

मालकाला जे विकता येईना ते भाडेकरू विकू लागला. मालकाकडे हक्क होता, ताबा नव्हता. भाडेकरूकडे ताबा होता आणि तो कायद्याने सुरक्षित होता. बाजाराला खरी मागणी ताब्याचीच होती. म्हणून खोली सोडणारा भाडेकरू येणाऱ्या भाडेकरूकडून एकरकमी मोबदला घेऊ लागला. मालकाने नव्या माणसाच्या नावे भाडेपावती फाडण्यास संमती द्यावी यासाठी त्या रकमेतील एक हिस्सा, बहुधा तिसरा, त्याला मिळू लागला. यालाच पागडी म्हणतात.

१९४७ च्या कायद्यानुसार हा सारा व्यवहार गुन्हा होता. कलम १८ ने मालकाला भाड्याव्यतिरिक्त रक्कम घेण्यास मनाई केली होती. कलम १९ ने भाडेकरूला जागा सोडण्याबद्दल पैसे घेण्यास मनाई केली होती. तरीही लालबाग–गिरगावापासून काळबादेवीपर्यंत पागडी हाच जुन्या घरांचा प्रत्यक्ष बाजार होता, हे कोणीही नाकारणार नाही. पैसे रोखीने दिले जात. कागदावर एवढेच दिसे, की अमुक खोलीची पावती जानेवारीत एका नावाने होती आणि फेब्रुवारीत दुसऱ्या नावाने. पुढील संशोधकाला या व्यवहारांचा कागदी पुरावा सापडू नये अशीच जणू त्यांची रचना होती.

पावतीला आलेले महत्त्व त्यामुळेच ध्यानात घेण्यासारखे आहे. कित्येक कुटुंबांत आजोबांच्या नावची पावती नातवाच्या काळापर्यंत चालू राहिली. कायद्याने भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासमवेत राहणाऱ्या कुटुंबीयास भाडेकरू मानले होते, त्यामुळे हक्क नातवापर्यंत पोहोचे, पण नाव बदलून घ्यायचे तर मालकाला पैसे द्यावे लागत. इमारत विकली गेल्यावर नवा मालक भाडे घेण्यास नकार देई, जेणेकरून भाडेकरूचे नाते त्याने मान्य केले असे होऊ नये. मग भाडेकरू दरमहा मनीऑर्डर पाठवी. ती परत येई. परत आलेल्या मनीऑर्डरींच्या पावत्यांचा जुडगा लोखंडी कपाटात दागिन्यांशेजारी ठेवला जाई. 'तयार व राजी' असल्याचा तोच पुरावा होता. मालकी सिद्ध करण्यासाठी मालकाकडे जेवढे दस्त असत तेवढीच काळजीपूर्वक राखलेली कागदपत्रे भाडेकरूकडेही असत.

१९५९ च्या वटहुकमाने त्या वेळी राहत असलेल्या पोटभाडेकरूंना संरक्षण दिले. १९७३ मध्ये १ फेब्रुवारीला जागेत राहत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. प्रत्येक वेळी ताबा असणाऱ्याचे पारडे थोडे अधिक जड झाले. पागडीला स्वतःला कायदेशीर मान्यता मिळाली ती महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५६ ने. हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. ज्याला बावन्न वर्षे गुन्हा मानले ते एका कलमाने वैध झाले. या तरतुदीचा अर्थ असा, की भाडेकरूकडे विकण्यासारखे काहीतरी आहे हे राज्याने मान्य केले. ते 'काहीतरी' म्हणजे नेमके काय, हे मात्र कायद्याने सांगितले नाही.

कूळ आणि भाडेकरू

मराठी भाषा ज्यांना दोन नावे देते त्या दोघांची तुलना येथे आवश्यक आहे. इंग्रजी कायद्यात शेत कसणारा आणि घरात राहणारा यांना एकच संज्ञा आहे. मराठीत पहिला कूळ आहे आणि दुसरा भाडेकरू. हा फरक निव्वळ शब्दांचा राहिला नाही, तो इतिहासाचा झाला.

मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ सालचा. भाडे कायदा आणि हा कायदा एकाच राजवटीत, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, एका वर्षाच्या अंतराने जन्मले. दोन्ही कायद्यांनी आधी एकच काम केले, ते म्हणजे वापरणाऱ्याला संरक्षण देण्याचे. पण कूळ कायदा तेथे थांबला नाही. त्याच्या कलम ६४ नुसार जमीन विकू इच्छिणाऱ्या मालकाला न्यायाधिकरणाकडून वाजवी किंमत ठरवून घेऊन ती जमीन प्रथम कसणाऱ्या कुळाला देऊ करणे भाग होते. आणि १९५६ च्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी, पश्चिम महाराष्ट्र व कोकणात, अपवाद वगळता कूळ हा जमिनीचा मानीव खरेदीदार झाला. किंमतही कायद्याने आखून दिली. कायम कुळासाठी खंडाच्या सहापट, इतरांसाठी आकारणीच्या २० ते २०० पट. या प्रक्रियेत अन्याय झाले, विधवांच्या व सैनिकांच्या जमिनींविषयी गुंतागुंत झाली, तंटे पुढच्या पिढ्यांपर्यंत चालले. तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे. सातबाऱ्यावर कोणाचे नाव मालक म्हणून लागायचे याचा निर्णय झाला.

शहरातील घराबाबत असा कृषक दिन उगवला नाही. भाडेकरूंसह घर विकताना ते आधी भाडेकरूंना देऊ करावे अशी सर्वसाधारण सक्ती ना मालमत्ता हस्तांतरण कायद्यात होती ना भाडे कायद्यात. मालक आपली इमारत कोणालाही विकू शकत असे. भाडेकरूंना बातमी लागे ती बहुधा नव्या मालकाच्या पत्रातून. भाडेकरूने स्वतः संपूर्ण घर घेतलेच तर दोन्ही हक्क एका व्यक्तीत विलीन होऊन भाडेपट्टा संपतो. परंतु अनेक वारस असलेल्या इमारतीत एखाद्या वारसाचा हिस्सा विकत घेतल्याने असे विलीनीकरण होत नाही. तो माणूस एकाच वेळी अंशतः मालक आणि पूर्णतः भाडेकरू राहतो. मुंबईच्या जुन्या वस्तीत ही विचित्र अवस्था अपवादात्मक नव्हती.

असा भेद का झाला असावा? एक कारण असे, की शहरातील घरमालक म्हणजे सरसकट जमीनदार नव्हे. त्यांच्यात मोठे धनिक होते तसे निवृत्तीनंतरची पुंजी घालून दोन मजली घर बांधणारे मध्यमवर्गीयही होते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. जमीन वाटता येते, इमारत वाटता येत नाही. खोली भाडेकरूच्या मालकीची केली तर जिना, छप्पर आणि खालची जमीन कोणाची? सहकारी संस्था हे त्याचे उत्तर होते, पण ते सुचायला आणि कायद्यात उतरायला आणखी तीस वर्षे लागली. तोवर इमारती जुन्या होत राहिल्या.

ओझ्याचे भांडवल

दुरुस्तीअभावी इमारती कोसळू लागल्या तेव्हा राज्याने १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन केले आणि जुन्या इमारतींवर उपकर बसविला. उपकरप्राप्त इमारतींची त्यावेळची संख्या १९,६४२ होती. त्यांपैकी १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, म्हणजे 'अ' वर्गातील. भाडे गोठविण्याचा आणि इमारतींच्या वर्गवारीचा दिवस एकच असावा, हा योगायोग नव्हे. घराचे मूल्य ज्या दिवशी थांबले त्याच दिवसावरून त्याचे वय मोजले जाऊ लागले. दुरुस्तीची जबाबदारी आता सार्वजनिक झाली होती. मालकाकडे नाव उरले, भाडेकरूकडे खोली आणि मंडळाकडे टेकूंचे बांबू.

१९८६ साली म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घालण्यात आले. उपकरप्राप्त इमारतीतील ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केल्यास ती इमारत जमिनीसह संपादन करून संस्थेला देता यावी, आणि मालकास मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला द्यावा, अशी ती तरतूद होती. उदाहरण म्हणून चाळीस खोल्यांची चाळ आणि दरमहा वीस रुपये भाडे धरले तर संपूर्ण इमारतीचा मोबदला ८०,००० रुपये होतो. कूळ कायद्यातील 'पट' येथे पुन्हा अवतरला. फरक असा, की १९५७ मध्ये आकारणीचा पट शेतीच्या उत्पन्नापासून फार दूर गेलेला नव्हता. १९८६ मध्ये मात्र भाडे आणि जमिनीचे मूल्य यांचा संबंधच उरला नव्हता. गोठवलेले भाडे आधी मालकाचे उत्पन्न ठरवीत होते, आता ते त्याच्या मालकीची किंमत ठरवू लागले. घरमालकांचा संताप समजण्यासारखा होता. तसेच तीन पिढ्या ज्या घरात नांदल्या, ज्याच्या किरकोळ दुरुस्त्या स्वखर्चाने केल्या, ते घर आपले व्हावे ही रहिवाशांची अपेक्षाही समजण्यासारखी होती.

प्रत्यक्षात बाजाराने तिसराच मार्ग काढला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या नियमाने उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासासाठी जादा चटईक्षेत्र निर्देशांक दिला. त्यासाठी ७० टक्के रहिवाशांची संमती आवश्यक होती. १९९९ मध्ये या नियमात झालेला बदल भाडेकरूंसह घरविक्रीच्या इतिहासातील सर्वांत मोठे वळण मानावा लागेल. 'अ' वर्गातील इमारतींना २.५ निर्देशांक, अथवा रहिवाशांच्या पुनर्वसनासाठी लागणारे क्षेत्र अधिक त्यावरील प्रोत्साहनपर क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल ते मिळू लागले. याचा व्यावहारिक अर्थ असा, की इमारतीत भाडेकरू जितके जास्त तितके बांधता येणारे क्षेत्र जास्त. शंभर वर्षांत भाडेकरूची भूमिका तिसऱ्यांदा बदलली. आधी तो मूल्याचे माप होता, नंतर तो ओझे झाला, आता तो भांडवल झाला. ज्या भाडेकरूंमुळे मालकाला इमारत विकता येत नव्हती त्यांच्यामुळेच विकासक ती घ्यायला येऊ लागला. नकली भाडेकरू निर्माण होण्याची भीती इतकी वास्तव होती, की १३ जून १९९६ नंतरचे भाडेकरू मोजू नयेत असे नियमातच लिहावे लागले.

इमारतीच्या सौद्यात त्यामुळे दोन स्वतंत्र वाटाघाटी होऊ लागल्या. एक मालकाशी, खरेदीखतासाठी. दुसरी रहिवाशांशी, संमतीपत्रासाठी. दुसरी पहिल्याइतकीच मोलाची होती. खरेदीखत हाती आले पण संमती नाही, तर खरेदीदाराजवळ १९४० च्या भाड्याचा हक्क तेवढा उरे. चाळीच्या गच्चीवर भरणाऱ्या सभांतून ज्या प्रश्नांवर रात्री उशिरापर्यंत वाद चाले (नवी जागा किती चौरस फूट, संक्रमण शिबिर कोठे, विकासक अर्ध्यावर पळाला तर काय) ते प्रश्न एरवी मालकाने विचारावयाचे असतात. ते भाडेकरू विचारू लागले. येथे भाडेकरू व्यवहारापुरता मालक झाला होता, फक्त कोणी त्याला तसे म्हणत नव्हते. पुढे २०१८ च्या नियमावलीत संमतीचे प्रमाण ५१ टक्क्यांवर आणण्यात आले. गणित सोपे झाले, पण संमती न देणाऱ्या ४९ टक्क्यांतील माणसाच्या घराची विक्री कोणी केली, हा प्रश्न त्यातून सुटला असे म्हणता येणार नाही.

१९९९ च्या भाडे कायद्याचा आणखी एक परिणाम थोडक्यात नोंदवतो. बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या यांना भाडेकरू म्हणून मिळणारे संरक्षण त्याने काढून घेतले. त्यामुळे तळमजल्यावर बँक असलेली इमारत आणि वाण्याचे दुकान असलेली इमारत यांच्या किमतीत फरक पडू लागला. निवासी भाडेकरूंसाठी मात्र वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा एवढाच दिलासा मालकाला मिळाला. २००० साली ५० रुपये असलेले भाडे चक्रवाढीने धरले तरी पंचवीस वर्षांनी १३३ रुपये होते.

न्यायालयाच्या दारात

या साऱ्या काळात मालकांनी न्यायालयांचे दरवाजे ठोठावले. मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये स्पष्ट सांगितले, की भाडे गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी व मनमानी झाल्या आहेत. परंतु त्या रद्द केल्या नाहीत, कारण त्यावेळच्या मुदतीनुसार कायदा मार्च १९९८ अखेर संपणार होता आणि नवा कायदा येण्याची अपेक्षा होती. मुदतबंद असणे हे या कायद्याचे दुबळेपण होते, तेच शेवटी त्याचे कवच ठरले.

दुसरा निर्णय २०१४ चा, शहा रतनसी खिमजी यांच्या प्रकरणातील. मूळ तंटा सांगलीचा. नगरपालिकेने इमारत पाडल्यावर भाडेकरूचा हक्क उरतो काय, हा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने २००१ चा आपलाच विरुद्ध निर्णय बाजूस सारून सांगितले, की भाडेपट्टा हा इमारतीइतकाच तिच्या खालील जमिनीचाही असतो आणि इमारत गेल्याने तो आपोआप संपत नाही. या निर्णयाचे महत्त्व न्यायशास्त्रापुरते नाही. घर पडण्याची वाट पाहणारा खरेदीदार ही जुन्या मुंबईतील परिचित व्यक्ती होती. इमारत कोसळली म्हणजे ताबा आपोआप आला, या हिशेबावर पैसे लावणाऱ्याला या निर्णयाने उत्तर दिले. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे मृत्युमुखी पडली. त्या परिसरात एका न्यासाने सुमारे २५० जुन्या इमारती एकत्र घेऊन समूह पुनर्विकास हाती घेतला होता आणि ही इमारतही त्या योजनेत होती. इमारतींची मालकी घेता येते, पण शेवटच्या कुटुंबाने खोली सोडेपर्यंत तिला पाडता येत नाही आणि तिचे वयही थांबत नाही. खरेदीखत आणि रिकामी खोली यांमधील काळ हाच या इतिहासातील सर्वांत धोक्याचा काळ आहे, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा खोलीत राहणाऱ्यानेच मोजली आहे.

आठ-अ प्रकरणाविरुद्ध घरमालकांच्या संघटनेने दिलेले आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने १९९१ मध्ये फेटाळले. १९९२ पासून ते सर्वोच्च न्यायालयात आहे. प्रश्न राज्यघटनेच्या ३९(ब) या मार्गदर्शक तत्त्वाचा होता. 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' या शब्दांत खासगी घर येते काय? हे प्रकरण पाच न्यायमूर्तींकडून सात आणि २००२ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेले. तेथे ते बावीस वर्षे पडून होते. एका चाळीचे छप्पर कोणाचे, या प्रश्नासाठी नऊ न्यायमूर्ती बसावे लागले, यातील विसंगती त्या छपराखाली राहणाऱ्यांना अधिक जाणवली असेल. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी पीठाने बहुमताने निर्णय दिला, की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. एखादी मालमत्ता तशी आहे की नाही हे तिचे स्वरूप, तिची दुर्मीळता, समाजहिताशी असलेला तिचा संबंध आणि ती काही थोड्या हातांत एकवटल्याचे परिणाम यांवरून ठरवावे लागेल. मुंबईतील उपकरप्राप्त इमारती या कसोटीत बसतात किंवा नाही, हे मात्र या निर्णयात सांगितलेले नाही. मूळ अर्ज पुढील सुनावणीसाठी योग्य त्या पीठाकडे सोपविण्यात आले. शंभरपट भाड्याचे कलम १९८६ मध्ये लिहिले गेले तेव्हा ज्यांच्या नावे पावत्या फाडल्या जात होत्या त्यांपैकी अनेकांच्या पावत्या आता नातवंडे भरीत आहेत.